ग्लासातला तुकडा

दफन आटोपून सगळे घरी परतले. घर दोन खोल्यांचं आणि माणसं पार जिन्यापर्यंत. पुढच्या खोलीत चहा फिरत होता, बिस्किटांचे पुडे फुटत होते, आणि ज्याची बायको नुकतीच मातीत ठेवली होती तो माणूस स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभा होता. हातात काचेचा ग्लास, वर बशी झाकलेली. कुणीतरी डोकवायचं, पाणी पितोय बिचारा असं समजून मागे फिरायचं.

पाणी होतं खरं. पण पिण्याजोगं नव्हतं.

"भावोजी, द्या तो इकडे," मेहुणी म्हणाली.

मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. दुःख झालं की ती घासायला घेते, हा तिचा जन्माचा स्वभाव. आल्यापासून तिनं आजारपणाची एकेक खूण घराबाहेर काढली होती. गादी गच्चीवर टाकली, बेडपॅन कचऱ्यात, औषधाच्या बाटल्या पिशवीत बांधून दाराशी. डोळे रडून सुजलेले, कोपरापर्यंत पिवळे रबरी मोजे, आणि अंगाला असा फिनेलचा भपकारा की शेजारी उभं राहिलं तर डोळ्यांत पाणी यावं. आता तिची नजर ग्लासावर होती.

"नको," तो म्हणाला.

"अहो, परवापासून इथेच आहे तो. ओट्यावर माणसांचे कप आणि त्याच्या मधोमध हे. कुणी चुकून तोंडाला लावलं म्हणजे?"

"म्हणून तर हातात धरलाय."

"आणि किती वेळ धरणार? कुणी बक्षीस दिल्यासारखे उभे आहात." मग तिनं आवाज खाली आणला. "त्यात कोण आहे ते मला कळत नाही असं समजू नका. मीपण चर्चमध्ये मिस्सेला जाते. पण ताईचं रक्त पण आहे ना त्यात. थुंकी आहे. आणि वास येतोय, भावोजी. तुम्हाला नाही येणार म्हणा."

शेवटचं ती सवयीनं बोलली. घरातली जुनी थट्टाच होती ती. पण त्याला वास येत होता. बशी घट्ट असूनही येत होता, आंबूस, लोखंडाला येतो तसा.

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात त्याला बिननाक्या म्हणत. नाक चांगलं ठसठशीत होतं, पण ते शोभेचं आहे असं सगळ्यांचं मत. वरच्या मजल्यांवरून मळके कपडे खाली टाकायचं एक पत्र्याचं नळकांडं होतं. त्याच्या तोंडाशी त्याचं टेबल. धपकन गाठोडं पडलं की ते सोडायचं आणि निवडायचं. रक्ताचं एका गाड्यात, हगल्या-मुतल्याचं दुसऱ्यात, नुसतं घामट तिसऱ्यात. कधी चादरीच्या घडीत दात सापडायचा, कधी बँडेज, कधी नाव घेऊ नये असं काही. नवा माणूस पहिल्याच दिवशी भिंतीशी जाऊन ओकायचा. हा त्याला पाणी द्यायचा, पाठीवर थोपटायचा आणि म्हणायचा, "माणसाच्या आतलंच आहे रे. तुझ्यातही आहे." जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या आधी याचा डबा उघडलेला असायचा.

बायको मात्र नाकाची तिखट. घराच्या दाराशी एक नळ होता. तिथे कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. मग ती समोर यायची. "दाखवा हात." तो हात पुढे करायचा. ती ते हुंगायची, आधी तळवा, मग बोटांच्या बेचक्या. "पुन्हा," म्हणायची. तो पुन्हा घासायचा. पास झाला की तोच हात ओढून ती त्याला आत घ्यायची. लग्न झालं त्या वर्षी त्याला राग यायचा. पुढे पुढे ते हुंगणं झाल्याशिवाय घरी आल्यासारखं वाटेना.

देवाधर्माच्या बाबतीत दोघांचं असंच होतं, एकाचं नाक तिखट, दुसऱ्याचं नाहीच. तो दर रविवारी मिस्सेला जायचा, रांगेत उभा राहायचा, फादर भाकरीची पातळ पांढरी चकती, होस्ती, समोर धरून "ख्रिस्ताचं शरीर" म्हणाले की "आमेन" म्हणून जिभेवर घ्यायचा आणि गोळी गिळावी तशी गिळायचा. कागदासारखी होस्ती. वास नाही, चव नाही. शरीर म्हणतात तर शरीर. दिवसभर शरीरांचंच निवडणं करणाऱ्या माणसाला त्यात अडखळण्यासारखं काही दिसलं नाही, कारण ते शरीरासारखं कधी दिसलंच नव्हतं.

ती मात्र जागेवर येऊन बसली की डोळे मिटून बराच वेळ हलायची नाही. एकदा घरी येताना त्यानं विचारलं, "काय करतेस गं इतका वेळ? मी तर कधीच गिळून मोकळा होतो."

"पाहुणा आलाय घरात. लगेच उठून भांडी घासायला लागू का?"

"एवढासा तुकडा तो."

"मोठा झाला असता तर तोंडात मावला असता का?" ती म्हणाली. "खाता यावं म्हणून तर तो भाकर झाला. नुसतं बघून घ्यायचं असतं तर हिरा नसता झाला?"

हे तिनं सहज म्हटलं, छत्री झटकता झटकता. त्याच्या लक्षात मात्र राहिलं.

मग तिच्या पोटात ते निघालं. डॉक्टरांनी आधी कापलं, मग पुन्हा शिवून टाकलं आणि घरी न्यायला सांगितलं. शेवटी शेवटी तिच्या पोटात काही टिकेना. चमचाभर सूप दिलं तरी ते काळपट होऊन वर यायचं. तो धुलाईखान्यातून रजा घेऊन घरी बसला. तिला पुसायचा, कुशीवर वळवायचा, चादरी बदलायचा. हात सराईत होते. पण नाकाचं काहीतरी बिघडलं. आयुष्यभर हजारो लोकांच्या घाणीचा वास ज्याला आला नव्हता, त्याला हिच्या एकटीचा येऊ लागला. तोंडानं श्वास घेत तो तिचं करायचा आणि तिला ते कळू नये म्हणून गाणं गुणगुणल्यासारखं करायचा. तिला कळत होतं. नाक तिखट होतं ना तिचं.

"आता तुम्हाला समजेल," ती एकदा म्हणाली, "मी इतकी वर्षं काय हुंगत होते ते."

परवा सकाळी फादर कम्युनियन घेऊन आले. हे फादर नवीन, तरणे, स्कूटरवरून फिरणारे, चेहऱ्यानं शाळकरी. गळ्यातल्या छोट्या डबीत आजाऱ्यांसाठी होस्त्या. तिनं आधीच सांगितलं, "आख्खी नको, फादर. तुकडा द्या. तुकड्यात पण तो आख्खाच असतो ना?"

"आख्खाच असतो," फादर म्हणाले. त्यांनी नखाएवढा तुकडा मोडून तिच्या जिभेवर ठेवला. त्यानं चमच्यानं पाणी पाजलं. तिनं डोळे मिटले. चेहरा असा सुटला की त्याला वाटलं, आज टिकलं. फादर प्रार्थना म्हणू लागले आणि तेवढ्यात तिच्या पोटातून तो ओळखीचा आवाज आला.

तिच्या छातीवर धुतलेला पांढरा टॉवेल पसरला होता. सगळं त्यावर पडलं. काळपट पाणी, शेंबडासारखा चिकट कफ, रक्ताच्या दोन तारा, आणि त्याच्यात तुकडा. मऊ पडलेला, कडा विसविशीत झालेल्या, पण तुकडाच.

तिघंही त्याच्याकडे बघत राहिले.

मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही घ्या."

त्याला कळलं, उचलून तोंडात घ्या म्हणते. तो वाकला. हात पुढेही केला. तुकडा बोटाखाली होता आणि आयुष्यात पहिल्यांदा तो त्याला शरीरासारखा दिसत होता. ओला, रक्ताळलेला, आतून बाहेर आलेला. टेबलावर दात वेचून बाजूला ठेवणारा हात टॉवेलच्या वर थांबला आणि मागे आला.

"नंतर घेतो," तो म्हणाला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं नाही. नंतर म्हणजे कधी?

"नाही, नाही, काका, तशी गरज नाही," फादर घाईनं म्हणाले. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी चमच्यानं तुकडा उचलून एका ग्लासात ठेवला, वर पाणी ओतलं, बशी झाकली. "अशा वेळी पाण्यात ठेवायचा. विरघळू द्यायचा. जोवर भाकरीचं रूप आहे तोवर ख्रिस्त त्यात आहे. रूप गेलं की मग नुसतं पाणी, ते मातीत ओततात. चर्चच्या मागच्या खोलीत त्यासाठी वेगळं भांडं आहे, त्याची नळी गटाराला जात नाही, थेट जमिनीत जाते. मला अजून दोन घरी जायचंय, स्कूटरवर हे सांडेल. संध्याकाळी येऊन नीट घेऊन जातो."

फादर गेल्यावर तो तिचं तोंड पुसायला बसला तेव्हा ती म्हणाली, "असू दे." आणि मान भिंतीकडे वळवली.

त्यानंतर ती बोललीच नाही. संध्याकाळी फादर आले नाहीत. पहाटे ती गेली.

मग जे चालू झालं त्यात ग्लासाकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. पण त्याला तो सारखा दिसायचा. शवपेटीवाले आले, त्यांच्या बुटांचे चिखलाचे ठसे ओट्यापाशी उमटले, आणि ओट्यावर ग्लास. तिला कापूस भरून, पावडर लावून, कधी लावत नव्हती तसल्या गुलाबी रंगाचे ओठ करून परत आणलं, आणि आत ओट्यावर ग्लास. तो पेटीशी वाकला तेव्हा फुलांचा गोडगोड उग्र वास आला आणि त्याच्या खाली दुसरा वास. मेण फासल्यासारखी दिसत होती ती. लोक म्हणत होते, किती शांत दिसते. त्याला शिसारी आली. शांत कसली, ती नव्हतीच तिथे. नाक होतं, आणि ते हुंगत नव्हतं.

आज दफनाच्या वेळी कुणी त्याच्या गालाला गाल लावून रडलं, कुणी हात दाबला. सगळ्यांची तोंडं त्याला फार जवळून दिसली. घरी आल्यावर तर ती सगळी तोंडं चघळत होती. लांबच्या एका मावशीच्या ओठांच्या कोपऱ्यात बिस्किटाचा ओला लगदा चिकटला होता, आणि ती दर पाच मिनिटांनी विचारत होती, "काही खाल्लंस का रे बाबा?" एक गृहस्थ दातात अडकलेलं जिभेनं काढत तिच्या आठवणी सांगत होते. माणसं म्हणजे नुसत्या पिशव्या वाटू लागल्या त्याला, वरून भरायच्या, खालून रिकाम्या करायच्या, आणि मधूनच फाटायच्या. आपणही त्यातलेच. म्हणून तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला होता.

"फादर आलेत," मेहुणी म्हणाली. "सरळ आतच येतायत."

फादर दारात थांबले. दफनाच्या वेळचा पांढरा झगा काढून साध्या शर्टात आले होते. हातात झाकणाची एक बाटली होती.

"काका," ते म्हणाले, "मी विसरलो. त्या दिवशी संध्याकाळी यायला हवं होतं."

"त्या संध्याकाळी ती होती अजून."

फादरांनी मान खाली घातली. "हो."

"आरडाओरडा करायला माझ्यात दम नाही," तो म्हणाला. "एक सांगा फक्त. तुम्ही म्हणालात, रूप आहे तोवर तो आहे. मग हिचं? हिचं रूप तर पेटीत सगळं होतं. नाक, कान, बोटं. मग ती का नव्हती?"

मेहुणीनं घासणी खाली ठेवली.

फादरांनी बाटली ओट्यावर ठेवली. मग शब्द चाचपत म्हणाले, "तिचं उलटं झालं, काका. तिचं रूप राहिलं, ती गेली. मिस्सेत भाकर जाते, तिचं नुसतं रूप राहतं, आणि तो येतो. इथे कुणी नसून दिसतं, तिथे असून दिसत नाही. मला तरी एवढंच सांगता येतं."

"मला दोन्ही बघवत नाही," तो म्हणाला. "तिच्याकडे बघून पोटात ढवळलं आणि ह्याच्याकडे बघूनही. मला घाण वाटली, फादर. मला. सगळ्या हॉस्पिटलची चादर न् चादर मी निवडली आहे."

"मलाही वाटली," फादर म्हणाले. "म्हणून तर पटकन पाण्यात टाकला."

मेहुणी म्हणाली, "चला, तिघांनाही वाटली. मी तर सकाळपासून बोंबलतेय."

फादरांनी हात पुढे केला. त्यानं बशी काढली. वासाचा लोट आला. मेहुणीनं तोंड फिरवलं. पाणी गढूळ, तपकिरी झालं होतं, तळाशी पिठासारखा साका, वर एक पातळ तवंग. फादरांनी ग्लास खिडकीच्या उजेडाकडे धरला, हात होईल तितका लांब करून.

"विरघळलं," ते म्हणाले. "आता काही नाही. हे नेऊन मी जमिनीत ओततो."

ते बाटलीत पाणी ओतू लागले. त्यासाठी ग्लास कलंडला, आणि काचेची आतली बाजू उजेडात आली. पाण्याच्या रेघेच्या वर, जवळजवळ काठाशी, काहीतरी चिकटलेलं होतं. चमच्यानं टाकताना तुकड्याची कड तिथेच काचेला लागून राहिली असणार. पाणी तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. ती वाळून कडक झाली होती, पांढुरकी, एका बाजूनं रक्तानं करपल्यासारखी, खपली असते तशी.

"हे काय?" त्यानं विचारलं.

फादरांनी बाटली खाली ठेवली. बराच वेळ बघितलं. "तुकडा आहे."

"रूप आहे त्याला?"

"आहे."

"म्हणजे तो आहे."

"आहे," फादर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"पुन्हा पाणी घालायचं का मग?" मेहुणी घाबरून म्हणाली. "अजून दोन-तीन दिवस? ह्या घरात? फादर, मी हात जोडते."

"नको," फादर म्हणाले. "एकदा चुकलो तेवढं पुरे." त्यांनी ग्लास डाव्या हातात घेतला, उजव्या हाताचं बोट आत घातलं. ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या आवळलेल्या. ओकारी दाबायला निघालेल्या माणसाचा तो चेहरा त्याच्या ओळखीचा होता. भिंतीशी पळण्याआधी नवीन पोरांचा असाच व्हायचा. पण हा पोरगा पळत नव्हता. त्यानं नख खपलीखाली घातलं.

आणि तेव्हा त्याला, ज्याची ती बायको होती त्याला, एकदम राग आला. फादरांचा नव्हे. आपलं ताट दुसऱ्यानं ओढून घेतल्यावर येतो तसा राग.

"थांबा," तो म्हणाला.

"काका, मी घेतो. ते माझं कामच आहे."

"तिनं तुम्हाला नव्हतं सांगितलं. मला सांगितलं होतं." त्यानं ग्लास काढून घेतला. "मी नंतर घेतो म्हणालो होतो."

फादरांनी हात मागे घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर."

तो ग्लासाकडे बघत होता. तिचं रक्त होतं. तिच्या पोटातून ज्या वाटेनं सगळं परत आलं त्या वाटेनं आलेलं. हे शरीर कुणाचं, त्याचं की तिचं, ते निवडायचं म्हटलं तर कुठल्या गाड्यात टाकणार?

"आमेन," तो म्हणाला आणि नखानं खपली सोडवून जिभेवर ठेवली.

कागदासारखी नव्हती ती. खारट होती, कडू होती, लोखंडाच्या चवीची होती. जिभेवर टोचली, मग ओली होऊन चिकट झाली आणि टाळूला जाऊन बसली. पोट मुठीसारखं वळलं. घसा उलटा फिरला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. त्यानं तळहात तोंडावर दाबला, त्याच्यावर दुसरा दाबला आणि ओट्यावर वाकला.

"भावोजी!" मेहुणीनं बादली त्याच्या हनुवटीखाली धरली. "टाका, टाका. होऊ दे बाहेर. काही नाही होत."

त्यानं मान हलवली.

"अहो, जीव गुदमरेल!"

त्यानं पुन्हा मान हलवली. घशाशी आलेलं त्यानं गिळलं. ते पुन्हा आलं. पुन्हा गिळलं. कुठलीही पवित्र भावना त्याच्या मनात आली नाही. मनात किळस होती, अंगभर किळस होती, टाचेपासून टाळूपर्यंत, आणि एकच हट्ट होता, की तिच्या पोटानं जे ठेवून घेतलं नाही ते ह्या पोटानं ठेवायचं. फादर त्याच्या पाठीवर थोपटत होते. कुणाला असं थोपटताना आपला हात कसा लागत असेल ते त्याला पहिल्यांदा कळलं.

हळूहळू पोट सुटलं. त्यानं तोंडावरचे हात काढले आणि दोन-तीन लांब श्वास घेतले. बादली रिकामी होती.

फादरांनी गढूळ पाणी आणि तळाचा साका बाटलीत उतरवून झाकण घट्ट लावलं. मग नळ सोडून ग्लासात घोटभर पाणी घेतलं, गोल फिरवलं, काठापर्यंत नेऊन काच धुतली. मिस्सेच्या शेवटी वेदीवर प्याला असाच धुतात. आणि वेदीवर करतात तसंच त्यांनी ते धुतलेलं पाणी ओठांना लावलं, डोळे घट्ट मिटले आणि पिऊन टाकलं.

"झालं?" मेहुणीनं विचारलं.

"झालं."

"म्हणजे आता हा नुसता ग्लास?"

"नुसता ग्लास."

मेहुणीनं तो घेतला. फिनेलच्या बाटलीकडे तिचा हात गेला, थांबला. मग तिनं मोजे काढले, साबण घेतला आणि उघड्या हातांनी ग्लास घासू लागली. घासता घासता रडू लागली. रडता रडता फादरांना म्हणाली, "चहा ठेवते. दुसऱ्या कपात देते, काळजी करू नका."

तो दाराशी असलेल्या नळाशी गेला. हात धुवावे म्हणून बाही वर केली आणि थबकला. उजवा हात नाकाशी नेला. आधी तळवा, मग बोटांच्या बेचक्या. वास होता. तिनं नक्की पुन्हा घासायला लावलं असतं. त्यानं बाही खाली ओढली.

पुढच्या खोलीत अजून माणसं होती, अजून तोंडं हलत होती. ती तोंडं त्याला काही सुंदर दिसली नाहीत. मावशीच्या ओठाचा लगदा आता हनुवटीवर आला होता. ती सरकली, त्याला जागा केली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा विचारलं, "काही खाल्लंस का रे बाबा?"

"खाल्लं," तो म्हणाला.

तो तिच्या शेजारी बसला. त्यानं पोटावर हात दाबून धरला, डोळे मिटले आणि हलला नाही. कुणीतरी त्याच्यासमोर चहा आणून धरला. मावशीनं चहा आणणाऱ्याला हातानं गप्प केलं. "असू दे जरा," ती म्हणाली, "डोळा लागलाय वाटतं."

डोळा लागला नव्हता. तो नाकानं श्वास घेत बसला होता.